भिंतीचा किताब

आमच्या वसतिगृहात कुस्तीवर बंदी आली ती एका दातामुळं. दात चौथीतल्या एका पोराचा होता, दुधाचा होता आणि कितीतरी दिवस हलतच होता. पण पडला तो नेमका आठवीतल्या पोरानं त्याला उचलून आपटल्यावर, आणि तोंडातलं रक्त घेऊन ते पोरगं रडत गेलं ते थेट मुख्याध्यापकांच्या ताटापुढं. सर जेवत होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि तिथंच हुकूम सोडला, "आजपासून कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. कुस्ती बंद. कुणी दिसलं तर त्याच्या बापाला बोलावून घेईन."

बापाला बोलावणं सरांनाही शक्य नव्हतं. आमचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. तेलगावच्या पुढं आमचं गाव. दसरा झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या, अंथरुणं आणि माणसं चढायची आणि अर्धं गाव रिकामं व्हायचं. मागं राहिलेल्या पोरांसाठी शाळेच्या दोन खोल्यांत वसतिगृह असायचं. एका खोलीत पोरी, एकीत पोरं, आणि मधल्या ओट्यावर स्वयंपाक करणारी मावशी. मी तेव्हा सातवीत होते. आता बीडला नोकरी करते, आणि हे वसतिगृहाचं कळलं की लोक आवाज बारीक करून विचारतात, कसे दिवस काढले गं? त्यांना काहीतरी डोळ्यांत पाणी आणणारं हवं असतं. मला मात्र पहिल्यांदा आठवतो आमचा कुस्तीचा संघ, ज्यात खरा पैलवान एकही नव्हता.

बंदी आली त्या संध्याकाळी आठवीतला पोरगा ओट्याच्या कडेला तोंड पाडून बसला होता. अभ्यासात त्याचं काही नव्हतं, गाण्यात काही नव्हतं. कुस्ती हीच त्याची सगळी इज्जत. मला त्याची दया आली असं नाही, पण तो असा गप्प बसला की वसतिगृह ओसाड वाटायचं. मी म्हणलं, "आपण कशाला खेळायचं? आपले पैलवान खेळतील."

"कोणते पैलवान?"

"नसलेले."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "माझ्याचं वजन दोन क्विंटल."

झालं, सुरुवात झाली. आम्हाला वजन कळायचं ते कापसाचं नाहीतर उसाचं, त्यामुळं आमचे सगळे पैलवान क्विंटलात. प्रत्येकानं आपापला एक काढला. आठवीतल्याचा होता रानडुक्कर. माझी होती कडबाकुट्टी, चारा कापायच्या यंत्राच्या नावाची एक बाई पैलवान, जी समोरच्याला दोन्ही हातांनी ओढून घ्यायची आणि बारीक करून बाहेर टाकायची. आमच्यात सहावीतला एक पोरगा होता, ज्याला बारा महिने सर्दी असायची. खांद्याला रुमाल पिनेनं लावलेला, नाक लाल. त्याच्या पैलवानाचं नाव डोंगर, वजन एक ट्रॉली. वजनाला हरकत घेतली तर म्हणाला, "भरलेली न्हाई, रिकामी ट्रॉली." मग आम्ही मान्य केलं.

कुस्ती व्हायची चिंचोक्यांवर. चिंचोके दगडावर घासून त्यांच्या फाका करायच्या, मुठीत खुळखुळवून टाकायच्या. पांढरी बाजू वर जास्त पडली की डाव बसला, काळी जास्त पडली की फसला. आठवीतला पोरगा समालोचन करायचा. त्याचा आवाज तेव्हा फुटत होता. "आणि रानडुकरानं कडबाकुट्टीला खांद्यावर घेतलं" एवढं जाड आवाजात म्हणायचा आणि "आपटलं!" म्हणताना त्याच्या नरड्यातून करडू ओरडायचं. मावशी पीठ मळता मळता हसायची.

अडचण एकच होती. त्या पोराला चिंचोके वश होते. रानडुक्कर हरायचंच नाही. टीव्हीवर परदेशी पैलवानांच्या कमरेला सोन्याचे पट्टे असायचे तसा एक पट्टा आम्ही सायकलच्या ट्यूबला डब्याचं झाकण लावून केला होता, आणि तो पट्टा बांधून हा पोरगा सकाळी प्रार्थनेला उभा राहायला लागला. तेव्हा मी ठरवलं की नवे किताब काढायचे, आणि त्यांचे नियम असे करायचे की रानडुक्कर आडवं झालं पाहिजे.

पहिला काढला मुका किताब. यात डाव बोलून सांगायचा नाही, खुणेनं दाखवायचा. जो बोलला तो हरला. मी विचारलं, "तयार?" तो म्हणाला, "हाय." किताब माझा झाला. त्यानं आरडाओरडा केला तसा आणखी हरला.

मग काढला आजारी किताब. त्या दिवशी ज्याला काही ना काही दुखणं असेल त्यानंच यात उतरायचं. हा सर्दीवाल्यासाठीच होता, खोटं कशाला बोलू. कोणत्याच खेळात त्याला कुणी घ्यायचं नाही. पहिल्यांदाच त्याच्या नाकाला मान मिळाला. पण किताबाची हाव वाईट. पाचवीतल्या दोन पोरी मावशीच्या तिखटाच्या डब्यात नाक घालून आल्या आणि शिंकत शिंकत म्हणाल्या, "आमी पण आजारी." मावशीनं दोघींना पळीनं हाणलं. आता पळीचा मार हे दुखणं धरायचं का, यावर पुन्हा बैठक बसली.

आणि मग मी काढला भिंतीचा किताब. त्याचा मला आजही अभिमान आहे.

बाकीचे किताब पैलवानांचे. हा मात्र माणसानं स्वतः सांभाळायचा. ज्याच्याकडं किताब आहे त्याची पाठ कोणत्याही भिंतीला लागली की किताब गेला. कुणाला? ज्याच्यामुळं पाठ लागली त्याला. ढकलायचं नाही, हात लावायचा नाही, म्हणजे सरांचा हुकूम मोडत नव्हता. फक्त डोकं चालवायचं. कुणी पाल म्हणून ओरडायचं, कुणी दारातून एकदम बाहेर यायचं. किताबवाला दिवसभर खोलीच्या मधोमध चालायचा, जसं काही भिंतींना शॉक आहे. जेवायला सगळे भिंतीला टेकून रांगेत बसायचे आणि तो एकटा मधे, ताठ, देवळातल्या नंदीसारखा. सरांना वाटलं पोरांना शिस्त लागली.

एकदा आठवीतल्याकडं किताब असताना मावशी गरम वरणाचं पातेलं घेऊन आली आणि ओरडली, "सरक की मेल्या, भाजशील!" तो मागं सरकला आणि पाठ भिंतीला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मावशी किताबाची धनीण झाली. तिला काही कळलं नाही. दुपारी ती नेहमीसारखी भिंतीला टेकून तांदूळ निवडायला बसली आणि किताब गेला. पण कुणामुळं गेला? ती दमली म्हणून टेकली. दमली कशानं? आमच्या भाकरी थापून. मग सगळ्यात जास्त भाकरी खाणार कोण? सगळ्यांनी आठवीतल्याकडं बघितलं. अशा तऱ्हेनं जास्त जेवल्याबद्दल किताब त्याला परत मिळाला. आणि एक नियम पक्का झाला: किताब मोठ्या माणसालाही जातो, त्याला ठाऊक असो नाहीतर नसो.

संध्याकाळी मावशीच्या मोबाईलवर आईबापांचे फोन यायचे. एकेकानं ओट्यावर बसून बोलायचं, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. आमच्यापैकी बहुतेकांचे आईबाप एकाच टोळीत होते. एका संध्याकाळी मी नेहमीसारखं "जेवलो, बरी हाय, अभ्यास केला" असं सुरू केलं तर आबा मधेच म्हणाले, "ते राहू दे. भिंतीचा किताब कुणाकडं हाय?"

"आबा, तुमाला कुणी सांगितलं?"

"समद्या टोळीत तेच चाललंय. मोळ्या बांधताना बाया त्येच बोलतेत. तुझी कडबाकुट्टी हारली म्हणून तुझ्या मायनं काल त्या रानडुकराच्या मायशी भांडण काढलं."

मागून आईचा आवाज आला, "भांडण न्हाई काढलं. मी म्हणलं चिंचोके तपासा."

पोरं रोज फोनवर काय बोलणार? माय विचारायची जेवलास का, पोरगं म्हणायचं जेवलो, आणि मग दोन्हीकडं नुसता श्वास. आता पोरांना बोलायला काहीतरी मिळालं होतं, आणि तिकडं उसाच्या फडात आमच्या पैलवानांच्या कुस्त्या रंगत होत्या. आठवीतल्याच्या बापानं तर मला खास फोनवर बोलावून घेतलं. "काय गं पोरी, माझ्या पोराच्या पैलवानाला मुकं कावून केलंस? रानडुक्कर मुकं असतंय का?" मी म्हणलं, "काका, नियम सगळ्यांना सारखा हाय." ते म्हणाले, "सारखा असला तरी लई वंगाळ हाय," आणि फोन ठेवला.

अशात बीडहून एक साहेब तपासणीला आले. किताब त्या दिवशी माझ्याकडं होता. साहेबांनी पोरांना पाढे विचारले, मावशीचं वरण चाखलं, पाण्याची टाकी उघडून बघितली. शेवटी मोबाईल काढून म्हणाले, "एक फोटो घेऊ सगळ्यांचा. फलक दिसला पाहिजे." फलक होता भिंतीवर. आम्ही त्याच्याखाली उभे राहिलो. मी मुद्दाम एक पाऊल पुढं.

"ती उंच मुलगी, जरा मागं सरक बाळा."

मी बोटभर सरकले.

"आणखी मागं. मागच्यांची तोंडं झाकतायत."

सर माझ्याकडं बघत होते. सरांचे डोळे असे झाले होते की भिंत परवडली. मी सरकले. पाठीला थंडगार भिंत लागली आणि माझ्या शेजारी सगळी पोरं एकदम "ओऽऽ" म्हणाली. साहेबांना वाटलं फोटोला पोरं खूश आहेत. त्यांनी आणखी एक काढला. मग ते जीपमध्ये बसले, जीप फाट्याकडं वळली, आणि आमचा भिंतीचा किताब धूळ उडवत बीडला गेला.

त्या संध्याकाळी फोनची रांग पुढं सरकेना. आबा म्हणाले, "सायबाला कळवलंय का?"

"न्हाई."

"मग कसला किताब? ज्याला ठावंच न्हाई त्यो पैलवान कसा?"

आई मागून म्हणाली, "आन् मावशीला तरी कुठं ठावं व्हतं?"

आईचं म्हणणं बिनतोड होतं. टोळीत दोन गट पडले. एक गट म्हणाला, गेला तो गेला, नवा काढा. दुसरा म्हणाला, गावाचा किताब बाहेर राहता कामा नये, बीडला जाऊन आणा. आमच्याकडंही तेच. आठवीतला पोरगा तर गंभीर होऊन म्हणाला, "साहेब आता हापिसात भिंतीला टेकून बसत आसंल, तर?" मी म्हणलं, "टेकला तरी कुणामुळं टेकला ते आपल्याला कुठं कळणार?" पण त्या विचारानं मला झोप लागेना.

थंडी सरता सरता सरांनी सांगितलं की बीडला वसतिगृहांच्या पोरांचा मेळावा आहे आणि आपलं समूहगीत निवडलंय. पोरं एवढी ओरडली की सर स्वतः खूश झाले. त्यांना वाटलं पोरांना गाण्याची आवड.

टेम्पोत बसल्यापासून मी डाव रचत होते. फोटोनं गेलेला किताब फोटोनंच आणायचा. गाणी झाली की प्रत्येक शाळेचा साहेबांबरोबर फोटो निघणार हे सरांनी सांगितलेलं. साहेबाला मागं सरकवायचं, बस्स. हे काम मी करणार, कारण नियम माझा, किताबही माझ्याकडून गेलेला.

सभागृह मोठं होतं. स्टेजवर साहेब होते, तेच, पांढरा शर्ट. आम्ही गाणं म्हटलं. कसं म्हटलं ते मला अजिबात आठवत नाही, कारण माझी सगळी नजर साहेबांच्या पाठीवर. मग फोटोला बोलावलं. साहेब मधे, आम्ही भोवती. मी धीर करून म्हणलं, "साहेब, तुमी उंच आहात. तुमी मागं थांबा, म्हंजी लहान पोरं दिसतेत."

"बरोबर आहे," म्हणाले आणि मागं गेले. त्यांच्या मागं मेळाव्याचा मोठा फ्लेक्स टांगलेला. पण ते थांबले हातभर अलीकडं.

"आणखी मागं, साहेब."

"एवढं बास."

"न्हाई साहेब, आणखी."

सरांनी मला चिमटा काढला. फोटोवाला म्हणाला, "हलू नका." मला रडू यायला लागलं. एवढ्या लांब येऊन हातभर अंतर राहिलं होतं, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही येईना.

तेवढ्यात साहेबांच्या बरोबर पुढ्यात उभा असलेला सर्दीवाला पोरगा त्यांच्याकडं वळला, बहुतेक काहीतरी सांगायला. त्यानं तोंड उघडलं आणि शिंकला. साधी शिंक नव्हती ती. अख्ख्या हंगामाची साठवलेली शिंक होती. साहेब स्वतःचा शर्ट वाचवायला असे मागं उडाले की फ्लेक्स थडाडला.

आम्ही सगळे नाचायला लागलो. आठवीतल्या पोरानं भान विसरून समालोचन सुरू केलं, "आणि डोंगरानं साहेबाला भिंतीला टेकवलं!" शेवटचा शब्द करडाच्या आवाजात. सभागृहातली सगळी माणसं बघायला लागली. सर म्हणाले, "काही नाही साहेब, पोरं आहेत." पण चौथीतलं ते दात पडलेलं पोरगं पुढं झालं आणि नव्या दाताच्या फटीतून म्हणालं, "साहेब, तुमी हारलात."

"काय हरलो?"

मग मला सांगावंच लागलं. फोटो, भिंत, किताब, जीप, सगळं. साहेब रुमालानं शर्ट पुसत ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी सरांकडं बघितलं.

"म्हणजे इतके दिवस किताब माझ्याकडं होता?"

"मला याची काही कल्पना नाही साहेब," सर म्हणाले.

"आणि मला कुणी कळवलं नाही?"

ते रागावले आहेत की काय, ते कुणालाच कळेना. मग त्यांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "पण माझी हरकत आहे. तुझा नियम काय? पाठ भिंतीला लागली पाहिजे. माझी पाठ फ्लेक्सला लागली. फ्लेक्स म्हणजे भिंत नव्हे."

याचा मी विचारच केला नव्हता. साहेब स्वतः जाऊन फ्लेक्सचा कोपरा उचलून बघायला लागले. मागं भिंत होती, चुना लावलेली. पण मधे फ्लेक्स होता हे खरंच. सगळे माझ्याकडं बघायला लागले. नियम करणारी मीच होते.

सर्दीवाल्यानं नाक ओढलं आणि म्हणाला, "साहेब, तुमचा शर्ट बी मधी हायेच की. मग उघड्या पाठीनं टेकायचं का?"

साहेबांनी शर्टाकडं बघितलं. मग ते जे हसले, ते हसू आवरायला त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. "मान्य आहे," म्हणाले. त्यांनी त्या पोराशी हात मिळवला आणि लगेच तोच हात रुमालाला पुसला. आम्ही निघताना मला विचारलं, "परत मिळवायचा झाला तर काय करावं लागेल?" मी म्हणलं, "गावाला या." नक्की येतो म्हणाले. आले नाहीत, पुढं त्यांची बदली झाली असं कळलं.

परतीच्या टेम्पोत सगळी पोरं गात होती आणि मी फुगून बसले होते. डाव माझा, बोलणी मी खाल्ली, चिमटा मला, आणि किताब शिंकेला. आठवीतला पोरगा शेजारी येऊन बसला. "तू म्हणलीस तर नियम बदलू," म्हणाला. मी म्हणलं, "न्हाई. ज्याच्यामुळं लागली त्याचा."

त्या संध्याकाळी फोनच्या रांगेत सगळ्यांनी सर्दीवाल्याला पुढं जाऊ दिलं. त्याच्या आईचा फोन नेहमी अर्ध्या मिनिटात संपायचा. ती टोळीत नवी होती, कमी बोलायची, लेकरा, ताप हाय का एवढंच विचारायची आणि ठेवून द्यायची. त्या दिवशी तिनं तेच विचारलं. तो म्हणाला, "न्हाई. आई, भिंतीचा किताब माझ्याकडं आलाय." बायांच्या गप्पांत ती बसायचीच नाही, त्यामुळं तिला यातलं काही माहीत नव्हतं. "भिताडाचं काय?" ती म्हणाली. "भिताडाला काय झालं?"

मग त्यानं पहिल्यापासून सांगायला घेतलं. दात कसा पडला, डोंगराचं वजन किती, मावशीचं पातेलं, साहेबाची जीप. मधे नाक ओढायचा, पुन्हा सांगायचा. मोबाईल स्पीकरवर होता. पलीकडून ती "मग?" म्हणायची. आणखी थोडं झालं की पुन्हा "मग?" हळूहळू तिच्या मागं टोळीतली माणसं जमल्याचे आवाज यायला लागले, कुणीतरी चुलीवरचं ठेवून आलं असावं, कारण एक बाई दुसरीला म्हणत होती की करपू दे. तो शिंकेपर्यंत पोचला तेव्हा तिकडं एवढा गलका झाला की मावशीनं कानांवर हात ठेवले. आणि त्या सगळ्या गलक्यात त्याची आई मोठ्यानं हसत होती. मी तिचं हसू त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यानंही नसावं, कारण तो बोलायचा थांबला आणि नुसता मोबाईलकडं बघत राहिला.

आमच्यापैकी बऱ्याच जणांचं बोलणं त्या दिवशी राहून गेलं. कुणी कुरकुर केली नाही.

पाडव्याच्या सुमाराला ट्रॉल्या परत आल्या, ज्याचा त्याला माय-बाप मिळाला, आणि संघ आपोआप मोडला. भिंतीचा किताब शेवटपर्यंत त्याच पोराकडं राहिला. त्याची माय त्याला न्यायला शाळेच्या फाटकापाशी आली तेव्हा तो धावत गेला नाही. खोलीतून निघाला, दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंती चुकवत, ताठ, मधोमध चालत गेला, आणि ती तिथं उभी राहून त्याची वाट बघत होती.